‘दहा दिवसांत घरी येतील, मी सांगते ना!’

पत्र थोडक्यात असं:

पश्चिम विदर्भातल्या दोनेकशे घरांच्या गावातून एका आशाताईंनी लिहिलं आहे. चौदा वर्षं त्या गावात घरोघरी जाऊन आरोग्याचं हे काम करतात. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, समोरच्या घरातल्या साठीच्या काकांना ताप आला. ताईंनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा आला ८४. घरचे न्यायला तयार नव्हते. ‘तिथं गेलेला माणूस वापस येत नाही’ असं तेव्हा गावोगाव बोललं जायचं. ताईंनी दोन तास विनवण्या केल्या आणि शेवटी शब्द दिला, ‘दहा दिवसांत घरी येतील, मी सांगते ना!’ काका चहा पिऊन, चपला घालून, स्वतःच्या पायांनी १०८ च्या गाडीत चढले. सहाव्या दिवशी गेले. देह गावात आलाच नाही. तेरवी घरातल्या चार माणसांत उरकली, ताईंना बोलावणं नव्हतं. पुढे एकदा काकू ओसरीवरून सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘तुनंच नेलं वं आमच्या बुढ्याले.’ आशांना पेशंटमागे पैसे मिळतात, अशी चर्चा गिरणीवर सुरू झाली.

चार वर्षं झाली, ताई अजून पहाटे तीनला दचकून उठतात. सायरन ऐकला की पोटात गोळा येतो. समोरचं दार दिसू नये म्हणून मागच्या दारानं ये-जा करतात. त्या घरातल्या नातवाचा गोवर-रुबेलाचा डोस राहिला आहे, तर अंगणवाडीच्या मदतनीस बाईंकडून निरोप धाडतात. लेकरांवर विनाकारण खेकसतात. सासूबाई म्हणतात ‘बाहेरचं’ आहे. नवरा म्हणतो सोडून दे, एवढ्या पैशात कापूस वेचलेला बरा. ताई विचारतात: हे काम सोडू का? की काकूंच्या पायावर डोकं ठेवून माफी मागू? आणि लोकांना धीर देणारी मी, मलाच असं कसं झालं? पत्राच्या अधेमधे एक ओळ आहे, ‘विहिरीवर गेले की पाण्याकडे बघत उभी राहते.’ आणि अगदी शेवटी: तो ऑक्सिमीटर अजून पेटीत आहे, सेल काढून ठेवलेत, जमा करू का?

ताई,

विहिरीच्या ओळीपासून सुरुवात करते. ती तुम्ही नवऱ्याच्या बोलण्याच्या आणि सासूबाईंच्या बोलण्याच्या मधे, सहज आठवल्यासारखी लिहिली आहे. अशी ओळ कुणी सहज लिहीत नाही. म्हणून सरळ विचारते: पाण्याकडे बघताना आपण संपून जावं, जीव द्यावा, असं मनात येतं का? असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरतो अशी एक समजूत आहे. ती खरी नाही, आणि हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक असेल. २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला, तेव्हा घरोघरी जाऊन खचलेली माणसं शोधायचं काम आशांकडेच आलं. झोप लागते का, जेवण जातं का, जगावंसं वाटतं का. तुम्ही कितीतरी ओसऱ्यांवर बसून हे विचारलं असेल. तुमच्या ओसरीवर येऊन ते कुणी विचारलेलं पत्रात तरी दिसत नाही.

उत्तर ‘हो’ असेल, किंवा नुसतं ‘कधी कधी’ असेल, तर हे वाचणं इथंच थांबवा आणि आजच्या आज एका माणसाला सांगा. नवऱ्याला, बहिणीला, जिच्यापुढे रडता येईल अशा कुणालाही. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक आहे. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. काही दिवस विहिरीवर एकट्या जाऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या. आणि घरात फवारणीचं औषध असेल तर ते दुसऱ्या कुणाच्या ताब्यात, कुलपात जाऊ द्या. आपल्याकडे ‘औषध’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही अर्थ पुष्कळ घरांत एकाच फळीवर ठेवलेले असतात. हे मी तुम्हाला सांगायला नको, पण तुमच्या नवऱ्यानं हे वाचलं तर त्यांना सांगायला हवं.

आता काका.

‘बोलत-चालत माणूस नेला’ हे काकूंच्या रागाचं मूळ आहे. तुमच्याही अपराधाच्या भावनेचं मूळ तेच आहे असं मला वाटतं. तुम्ही चहा आणि चपला इतक्या बारकाईनं लिहिल्या आहेत, की ते दृश्य तुम्ही रोज पाहता हे कळतं. चहा पिणारा माणूस आजारी कसा? चालत गाडीत चढणारा माणूस मरतो कसा? तर कोरोनात असंच व्हायचं. दम लागल्याची जाणीव आपल्याला मुख्यतः अंगात कार्बन डायऑक्साइड साचला की होते. या आजारात फुप्फुसं ऑक्सिजन घ्यायला कमी पडायची, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचं काम बराच वेळ चालू ठेवायची. त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन धोक्याच्या खाली गेलेला माणूस गप्पा मारत बसलेला असायचा. त्या काळात मोठमोठ्या शहरांतले डॉक्टरही हे बघून चक्रावले होते. तुमच्याकडचा नियम ९४ च्या खाली आकडा गेला तर दवाखान्यात पाठवा, असा होता. ९० च्या खाली म्हणजे आजार गंभीर. ८४ आकड्याचा माणूस घरी ठेवायचा नव्हता. चपला त्यांनी आजारपणाच्या खाटेवरून उठून घातल्या होत्या, इतकंच.

न्यायलाच नको होतं, असं गाव म्हणतं. बरं, नाही नेलं असतं तर? काका वाचले असते का, हे मला माहीत नाही. काकूंनाही नाही आणि तुम्हालाही नाही. चार वर्षं तुम्ही मात्र ते माहीत असल्यासारखं स्वतःला शिक्षा देत आला आहात. ऑक्सिजनशिवाय त्या खाटेवर जे झालं असतं, त्याचं चित्र तुम्ही एकदाही रंगवलेलं दिसत नाही. रात्री दम लागला असता, गाडी मिळाली नसती, आणि सकाळी त्याच ओसरीवरून आवाज आला असता, ‘समोर आशा राहते, पण बुढ्याले नेलं नाही.’ तुम्ही नेलंत, कारण त्या घरात आकडा वाचता येणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात.

म्हणजे तुमची काहीच चूक नाही, असं म्हणून मी मोकळी होऊ शकले असते. तुमच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंनी तेच म्हटलं, मैत्रिणीनं तेच म्हटलं, आणि त्यानं तुम्हाला काडीचंही बरं वाटलेलं नाही. मला वाटतं, याचं कारण आहे. पत्रात काकांना नेल्याचं तुम्ही एकदा लिहिलं आहे. ‘दहा दिवसांत घरी येतील’ हे वाक्य तीनदा आलं आहे.

ताई, तुम्हाला टोचतोय तो दिलेला शब्द. तो तुम्ही द्यायला नको होता, हे खरं आहे. दहा दिवसांत कोण परत येईल हे तेव्हा कुणाच्याच हातात नव्हतं, जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांच्याही नाही. दोन तास समजावून थकलेल्या, घरी स्वतःची लेकरं सोडून आलेल्या एका बाईच्या तोंडून दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून ते वाक्य निघालं. पण निघालं. काकूंनी नवऱ्याला त्या शब्दाच्या भरवशावर धाडलं. त्यामुळे ‘तुझं काही चुकलं नाही’ असं कुणी म्हटलं की तुमच्या मनातला एक कोपरा म्हणतो, चुकलं, आणि मग तो कोपरा काकांच्या मृत्यूसकट सगळंच स्वतःच्या पदरात घेतो.

हे दोन्ही वेगवेगळं तोलायला हवं. नेणं बरोबर होतं. शब्द देणं ही चूक होती, पण त्या शब्दाच्या मापाची. त्या चुकीनं काका गेले नाहीत. काका आजारानं गेले. माफी मागायचीच असेल तर त्या एका वाक्याची मागता येते. ते कसं, याच्याकडे मी शेवटाकडे येते. आत्ता नको, कारण आत्ता तुम्ही काकूंच्या पायावर डोकं ठेवलंत तर ‘होय, मीच मारलं’ असं कबूल केल्यासारखं होईल. गाव तर ते तसंच धरेल, पण त्याहून वाईट म्हणजे तुम्हीही ते तसंच धराल.

जोनाथन शे हे एक अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांवर ते उपचार करायचे. त्यांच्या लक्षात आलं, की काही सैनिकांना गोळीबाराच्या भीतीपेक्षा वेगळंच काही खातंय. जिवावरच्या प्रसंगात, ज्यांच्या हाती अधिकार होता त्यांनीच जे योग्य ते केलं नाही, आणि त्याचं ओझं मात्र शिपायाच्या मनावर राहिलं. सदसद्विवेकाला झालेली जखम, असं तिला म्हणता येईल. तुमचं पत्र वाचताना मला ती आठवली. काका कोणत्या खाटेवर आहेत हे घरच्यांना सांगायला सहा दिवसांत कुणाचा फोन आला नाही. घरचे विचारायला कुणाकडे आले? तुमच्याकडे. तुम्हालाही माहीत नव्हतं. चेहरा दाखवला नाही, देह दिला नाही, आणि हे सगळं ज्यांनी ठरवलं त्यांचं तोंड गावानं कधी पाहिलं नाही. यंत्रणेचं गावातलं एकच तोंड म्हणजे तुम्ही. तेही समोरच्या दारात राहणारं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण काय करतो? मारबत काढतो. सगळी रोगराई, सगळी इडापिडा तिच्यावर लादतो, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडतो आणि तिला गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडतो. त्यानं गावाचं मन मोकळं होतं. २०२१ मध्ये गावाला राग काढायला, रडायला, दुखवट्याला बसायला जागाच नव्हती. तेव्हा गावानं तुमची मारबत केली. फरक एवढाच की तुम्ही गावातच राहिलात. आशा त्याच गावची रहिवासी असावी असा नियमच आहे, त्यामुळे सिस्टरांसारखी बदली मागायचीही सोय नाही. आरोग्य कर्मचाऱ्यावर हात उचलला तर पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत कैद होईल, असा कायदा २०२० मध्ये झाला. गिरणीवर बायका एकाएकी गप्प होतात, त्याला कलम नाही.

‘लोकांना धीर देणारी मी’ असं तुम्ही लिहिता, त्याबद्दल थोडं. मार्च २०२० मध्ये थाळ्या वाजल्या, मग ‘कोविड योद्धा’ची प्रमाणपत्रं वाटली गेली. तुमचंही पेटीत ऑक्सिमीटरखाली आहे म्हणता. मला तो शब्द तेव्हाही आवडला नव्हता. योद्धा म्हटलं की रजा नाही, भीती नाही, रडणं नाही, आणि मेला तर हार. सरकारनं आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला, त्यात आशाही होत्या. तो कोरोनात मरण आलं तर मिळणार होता. झोप उडाल्याचा विमा नव्हता. कोरोनाच्या रोजच्या कामाचे महिन्याला हजार रुपये जास्तीचे. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा मानधनासाठी संपावर गेल्या, मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या दहा लाखांवर आशांना पुरस्कार दिला. या दोन्हींच्या मधल्या काळात तुम्ही पहाटे तीनला जाग्याच होतात. माझी आई आरोग्यसेविका होती. ती म्हणायची, दुसऱ्याच्या घरचा ताप मोजणाऱ्या बाईला स्वतःचा ताप कळतो तो चक्कर येऊन पडल्यावर.

आता झोपेबद्दल. पत्रावरून आजाराचं नाव ठेवायचा मला अधिकार नाही. पण पहाटे दचकणं, सायरननं पोटात गोळा, एक दार टाळण्यासाठी सगळा रस्ताच बदलणं, घरच्यांवर चिडचिड, हे सगळं एकत्र आणि इतकी वर्षं असेल तर ते ओळखीचं दुखणं आहे. मोठ्या धक्क्यानंतर मन पहाऱ्यावर बसतं आणि धोका टळला तरी उठत नाही. चार वर्षं झाली म्हणून ते आता जायचं नाही, असं समजू नका. जुनं दुखणंही बरं होतं, त्याला बोलण्याचे उपचार आहेत, लागली तर गोळ्या आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून नैराश्यासाठी घरापर्यंत मदत नेली, तर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सहापट झालं. म्हणजे आपल्याकडचे लोक बोलत नाहीत हे खरं नाही. विचारायला कुणी आलं की बोलतात.

तुमची अडचण वेगळी आहे. पीएचसीत गेलात तर रजिस्टरवर नाव लिहिणारी तुमचीच मैत्रीण. डॉक्टर तुमचेच साहेब. संध्याकाळपर्यंत गावात, ‘आशाताई डोक्याच्या डॉक्टरकडं गेली.’ म्हणून सुरुवात फोननं करा. १४४१६ वर नाव-गाव सगळं सांगावंच लागतं असं नाही. रेंज येते तिथं, शेतात म्हणा, टेकडीवर म्हणा, जाऊन अर्धा तास बोला. पुढची पायरी जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. गावातून यवतमाळला, अकोल्याला, वर्ध्याला कोण ना कोण रोज जातंच, कारण सांगायची गरज नाही. डोळे दाखवायचे आहेत म्हणा. एरवी मी खोटं बोलायला सांगत नाही.

मेडिकलमधून झोपेची गोळी मात्र आणू नका. गटप्रवर्तक ताईंनी सुचवली असली तरी. काही गोळ्यांची सवय महिन्याभरात लागते, आणि मग सुटायला वर्ष जातं. मानसोपचारतज्ज्ञानं दिलेली गोळी वेगळी. तिचा गुण यायला दोनतीन आठवडे लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. हे तुम्ही टीबीच्या पेशंटला किती वेळा सांगितलं असेल!

सासूबाईंशी भांडू नका. त्यांना दर्ग्यावर नाहीतर देवीला जायचं असेल तर खुशाल सोबत जा, तेवढाच घराबाहेर एक दिवस. अट एकच: कुणी मारहाण, धुरी, उपास असलं काही सांगितलं तर उठून यायचं, आणि दवाखाना त्यापायी थांबवायचा नाही. ‘बाहेरचं’ म्हणताना त्यांना एवढं तरी दिसलंय की सुनेला काहीतरी झालंय. नवऱ्याला अजून ते पैशाचं गणित वाटतंय.

तरी नवऱ्याचा मुद्दा मी फेटाळणार नाही. कागदावर तुम्ही स्वयंसेविका, गावाच्या दृष्टीनं सरकारी माणूस, आणि मोबदला कामागणिक तुकड्या-तुकड्यांनी. हे काम सोडणं म्हणजे पळून जाणं, असं मी मानत नाही. पण सोडायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर शोधा: उद्या काकूंनी हसून हाक मारली, गावानं सगळं विसरायचं ठरवलं, तर तुम्ही हे काम कराल का? उत्तर ‘तरीही नको, फार झालं’ असं असेल तर सोडा आणि निवांत कापूस वेचा. उत्तर ‘मग कशाला सोडीन’ असं असेल, तर तुम्ही काम सोडत नाही आहात, शिक्षा भोगायला निघाला आहात. काम सोडल्यावरही समोरचं दार समोरच राहील. काहीही असो, हा निर्णय झोप उडालेल्या अवस्थेत घेऊ नका. उपचार सुरू झाल्यावर तीनचार महिन्यांनी परत विचार करा. तोवर गटप्रवर्तकांना सांगून ते एक घर अधिकृतपणे दुसऱ्या कुणाकडे द्या. ‘माझं त्या घराशी जमत नाही’ एवढं कारण पुरतं. मदतनीस बाईंकडून चोरून निरोप धाडण्यात तुमची जास्त दमणूक होते, आणि नातवाचा डोस लांबतो तो वेगळाच. सिस्टरना सांगा, पुढच्या सत्राला बोलावून घेतील.

इथं थोडं थांबून इतरांशी बोलते, कारण तुमच्यासारखी पत्रं आणखी आली आहेत. पीपीईमध्ये आठ-आठ तास पाणी न पिता काढलेली स्टाफ सिस्टर. पिशव्यांची चेन लावणारा सफाई कामगार, ज्याला अजून चेनचा आवाज सहन होत नाही. १०८ चा ड्रायव्हर, जो म्हणतो की मी फक्त गाडी चालवली, मग मला का? भाऊ, मागच्या बाजूचा श्वास थांबलेला तुम्ही आरशात पाहिला म्हणून. ‘मी तर डॉक्टर नाही’ हा विचार यातल्या प्रत्येकाला मदत मागण्यापासून अडवतो आहे. १४४१६ वर फोन करायला हुद्दा लागत नाही. आणि ज्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आपल्या लोकांसाठी काही करावंसं वाटतं, त्यांना विनंती: मासिक सभेत सगळ्यांना गोल बसवून ‘आपापला अनुभव सांगा’ असं करू नका. सक्तीनं एकदाच बोलायला लावल्यानं गुण येत नाही असं अभ्यासांत दिसलं आहे, आणि ज्याला बोलायचं नाही त्याचं दुखणं वाढू शकतं. सभा संपल्यावर एकेकाला बाजूला घेऊन ‘झोप कशी आहे?’ एवढं विचारा. उत्तर आलं तर त्या आठवड्यात एक दिवस मोकळा द्या. रजिस्टर नंतर भरता येतं.

ताई, आता काकू.

त्या घरात २०२१ मध्ये दुखवटा झालाच नाही. माणसं बसायला आली नाहीत, कुणी गळ्यात पडून रडलं नाही, राख सावडायला घरचं कुणी नव्हतं. काकूंचा राग आटत नाही कारण त्यांचं रडणं अडकलं आहे. आणि तुमचंही. तुम्ही त्या गल्लीत चौदा वर्षं फिरला आहात, काका तुमचेही होते. तुम्हीही त्यांच्यासाठी रडला नाहीत, कारण आरोपीनं कुठं रडायचं?

म्हणून माझं सांगणं असं, की माफी मागायला जाऊ नका. भेटायला जा. उशिरा का होईना, दुखवट्याला. घाई नको, आधी झोप थोडी वळणावर येऊ द्या. आपल्याकडे अक्षय तृतीयेला पितरांसाठी घागर भरतात. त्या सुमाराला त्या घरात काकांचं नाव निघणारच. तेव्हा भाऊकीतल्या एखाद्या म्हाताऱ्या, दोन्ही घरांत ऊठबस असलेल्या बाईला सोबत घ्या. सरपंचांना नको, त्याची पंचायत होईल. गणवेशाची साडी नको, रजिस्टर नको, लसीचं कार्ड तर अजिबात नको. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड वगैरे जे मी वर लिहिलं, ते तुमच्यासाठी आहे. काकूंना पहिल्याच भेटीत समजावायला लागलात तर ते भांडण होईल.

तिथं बसा. काका चपला घालून गाडीत चढले ते विसरता येत नाही, असं सांगा. ते खरंच आहे. आणि मग ते एक वाक्य, तुमच्या शब्दांत: ‘काकू, दहा दिवसांत येतील म्हणून मी शब्द दिला होता. तो माझ्या हातातला नव्हता. द्यायला नको होता.’ एवढंच. ‘मी नेलं म्हणून गेले’ हे म्हणू नका, कारण ते खरं नाही. काकू रडतील, किंवा ओरडतील, किंवा उठून आत जातील. कदाचित दारच उघडणार नाहीत. त्या काय करतील यावर तुमचा ताबा नाही, जसा तेव्हा दहा दिवसांवर नव्हता. दार बंद राहिलं तर सोबतच्या बाईंबरोबर तशाच परत या. पण पुढच्या दारानं, रस्ता ओलांडून. मागच्या दारानं नको.

आणि ते जमत नाही असं अक्षय तृतीयेच्या आदल्या रात्री वाटलं, तर जाऊ नका. पितृपक्ष आहे, पुढचं वर्ष आहे. तोवर फोनवर ज्यांच्याशी बोलत असाल त्यांच्यासमोर ते वाक्य म्हणून बघा.

ऑक्सिमीटर सरकारी आहे, तो पेटीत राहू देऊ नका. उपकेंद्रात न्या, नवे सेल घालून एकदा स्वतःच्या बोटाला लावून बघा, चालतो का ते. दमेकरी म्हाताऱ्यांना उपयोगी पडेल. सिस्टरकडे जमा करा आणि पावती घ्या, नाहीतर दोन वर्षांनी ऑडिटला तुमच्याच नावावर निघेल.